वानरांच्या टोळीत माद्या काय करतात? – उत्क्रांतीशास्त्र आणि स्त्रीवाद

निरंजना (धागाकर्ती)

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. यंदा उत्क्रांतीचा धडा चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, नर लढतो, मादी पिल्लं सांभाळते, सगळीकडे असंच असतं. मग बायकांनी वेगळं काही मागणं निसर्गाच्या विरुद्धच झालं ना?" मुलगा खोडसाळ नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. वर्गातल्या मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि तास संपायला सात मिनिटं उरली होती. मी समुद्रघोड्याचं उदाहरण दिलं, की तिथे नर पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवतो. घंटा झाली, मुलं गेली.

ते उत्तर मला तेव्हाही पुरेसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्याने सिंह सांगितला, मी समुद्रघोडा सांगितला, उद्या तो कोंबडा सांगेल. असं कधी संपतच नाही. खरं उत्तर वेगळं होतं: "सगळीकडे असंच असतं" हे आपल्याला कोणी सांगितलं, आणि त्यांनी पाहताना नेमकं कुणाकडे पाहिलं? ते सांगायला सात मिनिटं पुरली नसती, म्हणून इथे लिहिते आहे.

गोष्ट आपल्या ओळखीच्या प्राण्याची आहे, काळ्या तोंडाच्या वानराची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी शास्त्रज्ञ धारवाडजवळच्या जंगलात वानरांचा अभ्यास करत होते. त्यांनी एक भयंकर प्रकार पाहिला. बाहेरचा नर टोळीवर चालून येतो, जुन्या हुप्प्याला हाकलतो आणि मग टोळीतली अंगावर पिणारी पिल्लं मारतो. वानरं म्हणजे शांत, एकमेकांना धरून राहणारी, अशीच तोवर समजूत होती. त्यामुळे अनेकांनी याचा अर्थ असा लावला की माणसांच्या वस्तीमुळे गर्दी झाली आणि जनावरांचं डोकं बिघडलं.

१९७१ साली सारा ब्लाफर हर्डी ही हार्वर्डची पंचविशीतली विद्यार्थिनी हेच तपासायला राजस्थानात अबूच्या डोंगरावर आली. तिथे वानरं बाजारात, देवळांच्या आवारात, माणसांच्या पायात पायात फिरतात. काही वर्षं ती पुन्हा पुन्हा येत राहिली आणि गर्दीचं स्पष्टीकरण टिकत नाही असं तिच्या लक्षात आलं. पिल्लं मारणारा नर बाहेरून नव्याने आलेला असे. पिल्लू गेलं की आईचं दूध आटतं, ती लवकर माजावर येते आणि नव्या नराला तिच्यापासून स्वतःची पिल्लं होतात. हुप्प्याची गादी दोन-चार वर्षांत जाणारच असते, त्यामुळे त्याच्याकडे वेळ थोडा. वेडेपणा नव्हे, क्रूर हिशेब होता तो. यावर पुढे पंचवीस वर्षं वाद झाला. १९९९ साली नेपाळातल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते हे दिसलं.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ती पुन्हा हुप्प्याचीच झाली असती. हर्डीने पुढे विचारलं की हे सगळं चालू असताना माद्या काय करतात. मग तिला दिसलं की माद्या टोळीबाहेरच्या नरांकडेही जातात, गाभण असतानासुद्धा जातात. पोटात पिल्लू असताना नराकडे जाण्यात "वंश वाढवण्याचा" काय फायदा? तिचा तर्क असा: ज्या नराचा त्या मादीशी संबंध आला, तो तिचं पिल्लू सहसा मारत नाही. पिल्लू आपलं असू शकतं एवढी शंकाही त्याला पुरते. मादी बाप कोण हे धूसर ठेवते आणि पिल्लाभोवती तेवढंच कुंपण घालते. अबूला सोल असं नाव दिलेली एक म्हातारी मादी होती. स्वतःची पिल्लं होण्याचं वय सरलेलं, टोळीत मान नाही, एरवी कडेला बसलेली. पण नर पिल्लावर धावला की सगळ्यात आधी हीच त्याच्या अंगावर जाई.

आता थोडं मागे जाते. डार्विनने १८७१ साली माणसाच्या उत्पत्तीवर लिहिताना पुरुष बुद्धीने वरचढ असल्याचं लिहून ठेवलं. १८८१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या कॅरोलाइन केनर्ड यांनी त्याला पत्र लिहून विचारलं की तुमच्या नावाने लोक बाईला कनिष्ठ म्हणतात, हे खरं का? डार्विनने जानेवारीत उत्तर दिलं की बायका नीतीने सामान्यतः श्रेष्ठ असतात, पण बुद्धीने कमी. केनर्ड गप्प बसल्या नाहीत. बाईला पुरुषासारखी परिस्थिती आणि संधी मिळू द्या, मग तिची बुद्धी मोजा, असं त्यांनी कळवलं. त्याच्याही आधी, १८७५ साली, ॲन्टोनेट ब्राउन ब्लॅकवेल यांनी या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. उत्क्रांती त्यांना पूर्ण मान्य होती. तक्रार हिशेबाबद्दल होती: नराची शिंगं, आयाळ, ताकद सगळं वहीत चढवलं आणि मादीच्या अंगात तोडीस तोड काय घडत गेलं ते मांडलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्त्रीवादाने उत्क्रांतीशास्त्राला डोळे दिले. शास्त्र त्यामुळे मऊ झालं नाही, जास्त अचूक झालं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विरोध असेल तर तोही हवा आहे.

---

केतकी_बन

वाचनखूण साठवली. गाभण माद्यांचं माहीत नव्हतं. आमच्या आजोळी हुप्प्या छपरावर आला की सगळी पोरं त्यालाच बघायला धावायची. त्याच्या मागे बसलेल्या पंधरा-वीस माद्यांतली एकही मला वेगळी आठवत नाही.

---

अभय_ठाणे

लेख आवडला, पण शेवटच्या दाव्याशी सहमत नाही. नीट विरोध करतो.

शुक्राणू लाखोंनी तयार होतात, बीजांडं मोजकी. सस्तन प्राण्यांत त्यात गर्भ आणि दूध यांचा खर्च मिळवा. १९४८ साली बेटमनने फळमाश्यांवर प्रयोग करून दाखवलं की नराला जितक्या जास्त माद्या तितकी जास्त संतती, मादीला मात्र एका नरानंतर विशेष फायदा नाही. १९७२ साली ट्रिव्हर्सने यावरच पालकांच्या गुंतवणुकीचा सिद्धांत उभा केला: ज्याची गुंतवणूक जास्त तो निवडून घेतो, ज्याची कमी तो स्पर्धा करतो. हे गणित आहे. त्यात पुरुषप्रधानता कुठे आली?

मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. आधी निष्कर्ष ठरवायचा आणि मग सोयीचे प्राणी शोधायचे, हे डार्विनच्या काळातल्या पुरुषांनी केलं म्हणून चूक असेल, तर आज बोनोबो (चिंपांझीसारखाच एक कपी) पुढे करणाऱ्यांनी केलं तरी चूकच आहे. तिथे माद्या एकजुटीने नरांना दाबात ठेवतात म्हणून बोनोबो सगळ्यांना आवडतो. चिंपांझी आपला तितकाच जवळचा नातेवाईक आहे, त्याचं नाव कोणी काढत नाही.

---

निरंजना

अभयदादा, चिंपांझीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. दोघेही आपले सारखेच जवळचे. एकाला वगळून दुसऱ्याला मिरवणारा अभ्यासक मलाही नको.

पण बेटमनचा प्रयोग तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचला असेल तसाच मीही वाचला होता आणि पंधरा वर्षं तसाच शिकवला. नंतर मूळ निबंध पाहिला, तेव्हा जी गोष्ट कळली ती प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावी असं वाटतं.

१९४८ साली डीएनए चाचणी नव्हती. कोणतं पिल्लू कोणाचं हे ओळखायला बेटमनने प्रत्येक माशीत डोळ्याला दिसणारं एकेक व्यंग असलेली जात वापरली: कुणाचे पंख वाकडे, कुणाचे डोळे बारीक. पिल्लात आईचं आणि बापाचं अशी दोन्ही व्यंगं आली की दोघांची ओळख पटे. अडचण अशी की दोन व्यंगं एकत्र आलेली पिल्लं मोठी होण्याआधीच जास्त मरत. म्हणजे जी पिल्लं हिशेबाला सगळ्यात उपयोगी, तीच हिशेबातून गळत होती. त्याच्या आकड्यांत बापांच्या नावावर जितकी पिल्लं होती तितकी आयांच्या नावावर नव्हती. प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप असताना हे होऊच शकत नाही! तरी साठ वर्षं कोणी अडलं नाही. पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली तोच प्रयोग त्याच पद्धतीने पुन्हा केला आणि या पद्धतीतून तो निष्कर्ष निघूच शकत नाही हे दाखवलं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. बेटमनने आपले प्रयोग दोन आलेखांत मांडले होते. पहिल्या आलेखात अनेक नरांमुळे मादीचाही फायदा होताना दिसतो, नरापेक्षा कमी, पण होतो. दुसऱ्यात तो होत नाही. पाठ्यपुस्तकांनी बहुतेक वेळा दुसराच छापला. कोणी कट केला असं मी म्हणत नाही. अपेक्षेप्रमाणे आलेलं उत्तर माणूस पुन्हा तपासत नाही, एवढंच. गोवाटी स्वतःला उघडपणे स्त्रीवादी म्हणवतात. स्त्रीवाद आणि उत्क्रांतीशास्त्र यांवरचा एक लेखसंग्रह त्यांनी १९९७ साली संपादित केला होता. त्यांना वेगळी अपेक्षा होती म्हणून त्यांनी तपासलं.

---

अभय_ठाणे

दोन व्यंगांच्या पिल्लांचा मुद्दा माहीत नव्हता, धन्यवाद. बेटमनचा प्रयोग मी यापुढे पुरावा म्हणून देणार नाही.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. २०१६ साली साठाहून अधिक प्रजातींवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले आणि सरासरीने नरांमध्येच लैंगिक निवडीचा (जोडीदार मिळवण्याच्या चढाओढीतून होणाऱ्या निवडीचा) जोर जास्त आढळला. म्हणजे एक प्रयोग पडला तरी कल पडला नाही.

---

निरंजना

हो, सरासरी तशी आहे आणि ती मी नाकारत नाही. पूर्वी जिथे "मादी निवडत नाही, स्पर्धा करत नाही, ती असते तिथे असते" असं शिकवलं जाई, तिथे आता "नरात जोर जास्त, मादीतही आहे, प्रजातीगणिक फरक पडतो" असं शिकवता येतं. माझ्यासाठी हा फरक मोठा आहे, कारण माझ्यासमोर बसलेल्या मुलींनी पहिलं वाक्य ऐकत आयुष्य काढलेलं असतं.

---

रानवाटा

पक्ष्यांकडून थोडी भर घालतो. पंचवीस वर्षं दुर्बीण गळ्यात आहे.

आपण सुगरण म्हणतो. नावच बाईचं, आणि घरकाम नीट करणाऱ्या बाईला तेच विशेषण. पण खोपा विणतो तो नर. पिवळ्या डोक्याचा नर अर्धा खोपा विणून थांबतो, पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, ओढून बघते. पसंत पडला तर राहते, मग नर उरलेली नळी विणतो. नाही पडला तर निघून जाते. नापसंत अर्धे खोपे बाभळीवर लटकताना कोणीही पाहू शकतं. पिढ्यान् पिढ्या लोकांनी हा पक्षी अंगणातल्या विहिरीवर पाहिला, तरी शिवणटिपण म्हणजे बाईच, हे मनात इतकं पक्कं होतं की नावही तसंच पडलं.

तळ्यावरचा कमळपक्षी बघा. मादी आकाराने मोठी, ती एकापेक्षा जास्त नरांबरोबर जोड्या करते, अंडी घालून पुढे जाते. अंडी उबवणं, पिल्लं पंखाखाली घेऊन पानांवरून चालणं, हे सगळं नर करतो. कोकणातल्या धनेशाची मादी मात्र ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर महिनोन् महिने फटीतून फळं भरवतो. आणि ज्या गाणाऱ्या पक्ष्यांना आपण जन्माचे जोडीदार समजत होतो, त्यांच्या घरट्यांतली पिल्लं १९८०च्या दशकाच्या शेवटापासून डीएनएने तपासली गेली, तर कितीतरी जातींत एकाच घरट्यात वेगवेगळ्या बापांची पिल्लं निघाली.

यातलं कुठलं उदाहरण घेऊन घर चालवायचं? मला वाटतं, कुठलंच नाही. धनेश बघून बायकोला कोंडणारा आणि कमळपक्षी बघून नवऱ्याला घरी बसवणारी, दोघंही पक्ष्याकडे बघतच नाहीत.

---

सुमनताई

निरंजना, तू तळमळीने लिहिते आहेस म्हणून लिहायचं धाडस करते. मी शास्त्राची नाही, चळवळीतली. वय ७१.

आम्हाला आयुष्यभर "निसर्ग" याच शब्दाशी भांडावं लागलं. मुलीला रात्रपाळी नको, निसर्ग. नवऱ्याने हात उचलला, पुरुषाचा स्वभाव, निसर्ग. म्हणून आम्ही म्हणत आलो की बाई घडवली जाते. ते म्हणणं आमच्या हातातली काठी होती. २००० साली अमेरिकेत दोन शास्त्रज्ञांनी बलात्कारालाही उत्क्रांतीची कारणं जोडणारं पुस्तक लिहिलं, तेव्हा आमच्या अभ्यासगटात त्यावर चर्चा झाली. एक बाई उठून निघून गेली. तिच्या मुलीच्या बाबतीत ते घडलं होतं. तिला मी कुठल्या तोंडाने सांगणार होते की हे फक्त स्पष्टीकरण आहे?

आणि आपल्याच राज्याचं बोलायचं तर गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रात झाला, त्या आंदोलनात मी होते. केंद्राचा कायदा १९९४चा. तरी २००१च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ला ८९४ झाल्या. या मुली कुठल्या हुप्प्याने मारल्या नाहीत. शिकलेल्या माणसांनी, पैसे भरून, पावती घेऊन मारल्या. इथे वानरांचा उपयोग काय?

---

निरंजना

सुमनताई, तुमची प्रतिक्रिया कालपासून तीनदा वाचली.

त्या बाईला काहीच सांगायची गरज नव्हती. आणि त्या पुस्तकाचा तर्क शास्त्र म्हणूनही लंगडा आहे. अत्याचार लहान मुलींवर होतो, म्हाताऱ्या बायकांवर होतो, पुरुषांवर होतो. "वंश वाढवण्यासाठी" हे कारण त्यातल्या कितीतरी घटनांना लागूच पडत नाही. त्याला ठोस उत्तर उत्क्रांतीच्या अभ्यासकांनीही दिलं.

मुलींच्या आकड्याबद्दल. १९९१, २००१, २०११, एवढ्या काळात माणसाची एक पिढीही पुरती बदलत नाही, जनुकं काय बदलणार? बदललं ते यंत्र, कुटुंबाचा आकार, हुंडा आणि जमिनीचा वारसा. म्हणजे इथे "निसर्ग" म्हणणाऱ्याला उत्क्रांतीशास्त्रच अडवतं. त्याचा एक उपयोग हा.

दुसरा उपयोग मला बार्बरा स्मट्स यांच्याकडून कळला. त्या केनियात बबून माकडांचा अभ्यास करायच्या. १९९५ साली त्यांनी पुरुषसत्तेच्या उगमावर एक निबंध लिहिला. नरांनी माद्यांवर जबरदस्ती करणं अनेक माकडांत दिसतं, पण ते किती चालतं हे बऱ्याच अंशी एका गोष्टीवर ठरतं: मादीच्या पाठीशी तिच्या ओळखीच्या माद्या आहेत का? बबून आणि वानरं यांच्यात माद्या जन्मभर माहेरीच राहतात, बाहेर पडतात ते नर. आई, बहिणी, मावश्या सगळ्या जवळ. अबूची सोल एकटी म्हातारी नव्हती, ती त्या टोळीची लेक होती. बऱ्याच मानवी समाजांत मात्र लग्न झालं की मुलगी परक्या घरी जाते आणि पुरुष भावकीत राहतात. त्यांची एकजूट पक्की, तिची तुटलेली. स्मट्स यांच्या मते पुरुषसत्तेचं एक मूळ इथे आहे.

हे वाचताना मला इरावती कर्वे आठवल्या. १९५३ साली त्यांनी भारतातली नातेव्यवस्था मांडली, तेव्हा दाखवलं की उत्तरेत मुलगी दूरच्या अनोळखी गावात देतात आणि दक्षिणेत नात्यात. महाराष्ट्र दोन्हींच्या मध्ये. आपल्याकडे आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाते ती दक्षिणेची खूण. १९८३ साली डायसन आणि मूर यांनी हीच विभागणी घेऊन पाहिलं, तर जिथे मुलीचं माहेराशी नातं टिकतं तिथे बायकांना जास्त मोकळीक आणि लहान मुली जगण्याचं प्रमाणही बरं दिसलं. ताई, तुम्ही गावोगाव बायकांचे गट बांधलेत ते कुठलाही निबंध न वाचता. पण माकडांच्या अभ्यासातून वर आलं ते तेच.

---

सुमनताई

माहेरीच राहतात हे ऐकून बराच वेळ तशीच बसले. आमच्या आईचं माहेर चार कोसांवर होतं. तिला वर्षातून एकदा जाता येई, तेही न्यायला भाऊ आला तर.

---

मुग्धा_दवाखाना

मी प्रसूतितज्ज्ञ आहे. हर्डीच्या वानरांइतकंच तिचं नंतरचं काम महत्त्वाचं वाटतं, ते लिहिते.

आमच्याकडे दर काही दिवसांनी एखादी नवी आई हळूच सांगते, "डॉक्टर, मला बाळाला बघून काहीच वाटत नाही." कोणी ऐकत नाही ना हे आधी बघते आणि मग सांगते. बाहेर नातेवाईक म्हणत असतात, "कसली ही आई, जनावरालाही पान्हा फुटतो." एका मुलीच्या सासूने तर बाळच तिच्यापासून काढून घेतलं होतं. ती मुलगी अठ्ठेचाळीस तास झोपली नव्हती, टाके दुखत होते आणि तिची आई तीनशे किलोमीटर दूर होती.

१९९९ साली हर्डीने आईपणावर मोठं पुस्तक लिहिलं. त्यातला गाभा असा की आईची माया कळ दाबली की लागणारा दिवा नाही. बाळाचा वास, स्पर्श, अंगावर पाजणं यांतून ती हळूहळू लागते, आणि आईला आजूबाजूने किती आधार आहे यावरही ती अवलंबून असते. माणसाचं मूल इतकं सावकाश वाढतं की एकट्या आईला ते कधीच पेलणारं नव्हतं. २००९ साली तिने हाच धागा पुढे नेला: माणूस ही अनेक हातांनी मूल वाढवणारी जात आहे. चिंपांझीची आई पहिले काही महिने पिल्लू दुसऱ्या कोणाला धरू देत नाही. माणसाची आई पहिल्या दिवशी देते.

आज्यांवरही काम झालंय. क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांत पाहिलं की म्हाताऱ्या बायका तासन् तास कठीण जमिनीतून कंद खणतात. सुनेला किंवा लेकीला नवं बाळ झालं की आधीच्या मुलाचं वजन आजीच्या खणण्यावर वाढतं. बाईची पाळी जाऊनही ती पुढे दशकानुदशकं का जगते, याचं एक उत्तर त्यांना तिथे दिसलं. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियातल्या गावांच्या जुन्या नोंदींत आईची आई हयात असेल तर मूल वाचण्याची शक्यता जास्त दिसली.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत मला यामुळे नव्याने कळली. त्या मुलीच्या आईला मी फोन करून बोलावून घेतलं. ती आली, लेकीला आधी जेवू घातलं आणि झोपवलं. चौथ्या दिवशी मुलगी बाळाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती.

---

केतकी_बन

मुग्धा, हे सहा वर्षांपूर्वी कोणी मला सांगायला हवं होतं. बाकी काही लिहीत नाही.

---

अभय_ठाणे

मुग्धाताईंचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती उठून आत गेली आणि मग बराच वेळ आम्ही बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक प्रश्न उरतो. जोडीदार निवडताना पुरुष तारुण्य बघतात आणि बायका कमाई बघतात, हे डेव्हिड बस यांनी १९८९ साली ३७ संस्कृतींत पाहिलं. इतक्या ठिकाणी सारखं येतं ते उपजत नाही तर काय?

---

निरंजना

त्याच आकड्यांवर १९९९ साली ईगली आणि वुड यांनी पुन्हा काम केलं. ज्या देशांत स्त्री-पुरुषांची स्थिती जास्त समान, तिथे हा फरक कमी होत गेला. फरक होता, पण बाईला स्वतःची कमाई असली की तिचं नवऱ्याच्या कमाईकडे बघणं घटत होतं. उपजत काही असेलही, मी दार बंद करत नाही. पण ज्या गोष्टी पगाराच्या पाकिटाने हलतात, त्या जनुकांत कोरलेल्या आहेत असं म्हणण्याआधी थांबायला हवं.

एक गोष्ट मूळ लेखात राहिली होती. मादी दिसू लागली यामागे एक अगदी साधी युक्ती आहे. जीन आल्टमन केनियातल्या अंबोसेलीत बबूनवर काम करत. १९७४ साली त्यांनी निरीक्षणाच्या पद्धतींवर निबंध लिहिला. रानात बसलेल्या माणसाचं लक्ष भांडणाकडे जातं, आवाजाकडे जातं, मोठ्या नराकडे जातं, आणि वहीत तेच भरतं. त्यावर उपाय: आधी यादी करा, एक प्राणी ठरवा, ठरलेला वेळ फक्त त्याच्याकडे बघा, तो झोपला असला तरी. मग दुसरा. प्रत्येकाला सारखी मिनिटं. या निबंधात स्त्रीवादाचं नाव नाही. पण अशी वही भरायला लागल्यावर माद्यांची भांडणं, मैत्र्या, वारसाहक्काने चालणारी त्यांची उतरंड, सगळं पानावर आलं.

---

गुरुजी_परतवाडा

तीन आठवडे नुसता वाचत होतो. आज लिहितो, कारण सांगायला काहीतरी जमलं आहे.

आमच्या शाळेमागे चिंच आणि उंबर आहे, वानरांची टोळी रोज येते. आठवी-नववीची बारा मुलं घेऊन मी आधी काहीही न सांगता अर्धा तास निरीक्षण करायला लावलं. बाराही वह्यांत हुप्प्या होता. कसा बसला, दात कसे दाखवले, फांदी कशी हलवली. माद्यांबद्दल नऊ जणांनी "बाकीची वानरं" एवढंच लिहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात निरंजनाताईंनी सांगितलेली पद्धत घेतली. टोळीत मोजून एकोणीस. प्रत्येक मुलाला एक वानर आणि दहा मिनिटं. ज्याच्या वाट्याला हुप्प्या आला तो पोरगा नाराज झाला, कारण दहापैकी आठ मिनिटं हुप्प्या नुसता बसून होता. एका मुलीच्या वाट्याला नुकती व्यालेली मादी आली. पिल्लू अजून काळं, तोंड गुलाबी. तिच्या वहीतलं जसंच्या तसं लिहितो: "दुसऱ्या मिनिटाला पिल्लू शेजारणीने घेतले. नंतर एका लहान मादीने घेतले, तिला नीट धरता येत नव्हते. मग आणखी दोघींकडे गेले. पिल्लू ओरडले तेव्हा आईने बघितले पण उठली नाही. आई जेवत होती."

दुसरं असं की मधेच गावातलं कुत्रं आलं. पहिली खॅक् खॅक् कोणी केली यावर मुलांत वाद झाला. सगळ्यांना वाटलं हुप्प्याने. पण त्याच्यावर नजर ठेवून असलेला पोरगा ठाम म्हणाला, हुप्प्या नंतर ओरडला, आधीचा आवाज कडेच्या भिंतीवरून आला. तिथे एक अर्ध्या शेपटीची म्हातारी मादी बसते. ती आम्ही कोणालाच वाटून दिली नव्हती.

---

निरंजना

गुरुजी, त्या मुलीची वही माझ्या वर्गात वाचून दाखवू का? तिला आधी विचारा, मग कळवा. आणि पुढच्या वेळी भिंतीवरच्या म्हातारीला दहा मिनिटं नक्की द्या.